‘इत्यादी’मधली नव्वद लाख माणसे : परराष्ट्र आणि वाणिज्य मंत्रालयांना खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
माननीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : आखाती सहकार्य परिषदेशी होऊ घातलेल्या करारात कामगारांसाठी स्वतंत्र प्रकरण असण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

९ सप्टेंबर २०२४ रोजी रियाधमध्ये भारत आणि आखाती सहकार्य परिषदेच्या परराष्ट्रमंत्र्यांची पहिली संयुक्त बैठक झाली आणि २०२४ ते २०२८ या काळासाठीचा कृती आराखडा तिथे स्वीकारला गेला. सहकार्याची क्षेत्रे म्हणून तेव्हा जी नावे जाहीर झाली ती अशी : आरोग्य, व्यापार, सुरक्षा, शेती व अन्नसुरक्षा, वाहतूक, ऊर्जा, संस्कृती, इत्यादी. ही यादी मी तीनदा वाचली. तेल आले, धान्य आले, बंदरे आली, नाचगाणेदेखील आले. परिषदेच्या सौदी अरेबिया, अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन या सहा देशांत राबणारी सुमारे नव्वद लाख भारतीय माणसे मात्र शेवटच्या ‘इत्यादी’त गेली.

गेल्या महिन्यात, १८ डिसेंबर २०२५ रोजी, मस्कतमध्ये ओमानशी सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला. संयुक्त अरब अमिरातीशी तसाच करार १ मे २०२२ पासून लागू आहे. आता सहाही देशांच्या गटाशी एकत्रित कराराची बोलणी पुन्हा सुरू करण्याची तयारी चालू आहे. एकदा सह्या झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नसतो हे मी तिकडच्या नोकरीत पुरते शिकलो आहे, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा. पदवी घेऊन घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९८८ साली, कुवेतला स्टोअरकीपर म्हणून गेलो. पुढे बारा वर्षे मस्कत आणि शेवटी २००७ ते २०१९ दोहा, असा तीन देशांत मिळून माझा संसार झाला; म्हणजे संसार इकडे झाला आणि मी तिकडे होतो. कॅम्पातल्या ज्यांना लिहिता येत नसे त्यांची घरची पत्रे आणि कंपनीकडचे अर्ज मीच लिहून देत असे. त्यामुळे या पत्रातल्या तक्रारी माझ्या एकट्याच्या नाहीत, फक्त अक्षर माझे आहे. थोरला मुलगा आज दोह्यात एसी टेक्निशियन आहे.

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले तेव्हा आमच्या खोलीत अकरा जण होते. माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता आणि तिजोरीची किल्ली असलेला माणूस सुट्टीवर युरोपात होता. तीन आठवड्यांनी गोदामातल्या एका सुदानी सहकाऱ्याने ती तिजोरी ग्राइंडरने कापली म्हणून मी आज हे लिहू शकतो. बसरा, बगदाद आणि तिथून वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द असा बसचा प्रवास झाला. जपून ठेवलेल्या कुवेती दिनारांना वाटेत कुणी विचारीना. एका बाटलीभर पाण्याला मी मनगटावरचे घड्याळ दिले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरलो. त्या दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणले गेले, आणि त्या कामाबद्दल त्या वेळच्या सरकारचे आणि विमान कर्मचाऱ्यांचे आमच्या घरात आजही नाव निघते. पण नीट पाहिले तर ती मोहीम सगळी आयत्या वेळची होती. लोक आधी सरहद्द ओलांडून अम्मानपर्यंत आपापल्या हिकमतीवर पोहोचले. विमाने त्यानंतर आली.

त्यानंतर ३५ वर्षे गेली. २३ जून २०२५ च्या रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद लष्करी तळावर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा माझी सून आणि चार वर्षांची नात मुंबईहून दोह्याला निघालेल्या विमानात होत्या. कतारसह शेजारच्या देशांचे आकाश बंद झाले आणि विमान अर्ध्या वाटेवरून माघारी फिरले. तिकडून मुलाचा फोन आला, तर मागे त्याच्या खोलीतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा : “पासपोर्ट कुठे आहे?” तो म्हणाला, “बाबा, ऑफिसात.” आकाश काही तासांत पुन्हा उघडले, म्हणून त्या उत्तराची किंमत आम्हाला मोजावी लागली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात इस्रायलने खुद्द दोह्यावर हल्ला केला आणि आठ दिवसांनी सौदी अरेबियाने पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार केला. आखात शांत आहे असे गृहीत धरून आता कोणताही करार लिहिता येणार नाही.

आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार अशी की संकटकाळी बाहेर पडण्याची वाट करारात लिहिलेली नाही. नकाशा पाहिला की कुवेत, दम्माम, बहारीन, दोहा आणि दुबई ही सगळी होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आतल्या बाजूला दिसतात. बाहेरच्या बाजूला ओमान आहे. त्याची सोहार, दुक्म आणि सलाला ही बंदरे खुल्या समुद्राकडे आहेत आणि दुक्म बंदर वापरण्याची सोय आपल्या नौदलाला २०१८ पासून मिळालेली आहे. मग आकाश बंद पडले तर दोह्यातला माणूस अबू सामरा नाक्यावरून सौदीत आणि तिथून पुढे, किंवा अमिरातीतल्या अल ऐनचा माणूस बुरैमीवरून ओमानात, अशी जमिनीवरची वाट आजच का ठरवून ठेवू नये? या सहा देशांचे नागरिक ओळखपत्र दाखवून एकमेकांच्या सरहद्दी ओलांडतात. पर्यटकांना सहाही देशांसाठी एकच व्हिसा देण्याच्या योजनेला त्यांच्या गृहमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्या देशांत वीस-वीस वर्षे राहून इमारती उभ्या करणाऱ्या माणसाला मात्र शेजारच्या देशाची स्वतंत्र परवानगी काढावी लागते, आणि पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असेल तर त्याला तो अर्जही करता येत नाही.

हा गट एकसंध असतो असेही नाही. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, अमिराती आणि बहारीन यांनी कतारशी संबंध तोडले तेव्हा मी दोह्यात होतो. आमच्या गोदामाचा माल दुबईच्या जेबेल अली बंदरामार्गे येत असे, तो त्या दिवसापासून थांबला. दुकानातल्या सौदी दुधाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. दोन-तीन दिवसांत तिथे तुर्की अक्षरांचे डबे आले. अबू सामरापलीकडचा सौदीचा सलवा नाका बंद झाल्यामुळे पलीकडे नातेवाईक असलेली माणसे तिथेच अडकली. त्याच महिन्यात न्हावा शेवा आणि मुंद्रा बंदरांतून थेट कतारच्या हमद बंदराकडे जहाजसेवा सुरू झाली, आणि आमच्या गोदामात उतरलेल्या पहिल्या खोक्यांवर न्हावा शेव्याचा शिक्का पाहून मला आमचे कोकणच दारात आल्यासारखे वाटले. भांडण जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल उलाच्या परिषदेत मिटले. मुद्दा एवढाच की त्या दिवसांत मालासाठी पर्यायी वाट महिन्याच्या आत निघाली. माणसांसाठी निघाली नाही.

दुसरी तक्रार पगाराची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीत नोकऱ्या टिकाव्यात या कारणाने, आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांचे किमान संदर्भ वेतन, म्हणजे ज्याखालच्या पगारावर भरतीला परवानगी मिळत नाही तो आकडा, आपल्याच सरकारने ३० ते ५० टक्क्यांनी कमी केले. ओरड झाल्यावर जुलै २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला, त्याबद्दल आभार. पण दहा महिने तिकडच्या कंपन्यांना आयते कारण मिळाले : “तुमचेच सरकार म्हणते.” एकेका देशाशी एकेक कागद करत राहिलो तर हे पुन्हा घडेल, कारण भारताने आकडा वर नेला की मालक नेपाळ-बांगलादेशाकडे वळतो आणि आपण घाबरून आकडा खाली आणतो. सहाही देशांसाठी एकच आकडा आणि एकच कराराचा नमुना ठरला, तरच ही रस्सीखेच थांबेल.

कराराच्या नमुन्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा २०२३ मध्ये गेला. भरती एजंटाने किती सेवाशुल्क घ्यावे याची कायदेशीर मर्यादा ३० हजार रुपये अधिक कर अशी आहे. त्याच्याकडून १ लाख २० हजार घेतले गेले, पावती ३० हजारांची मिळाली. मुंबईत त्याने १,५०० रियालच्या कागदावर सही केली. विमानतळावरून थेट कॅम्पात नेल्यावर त्याच्यापुढे दुसरा कागद आला, अरबी आणि इंग्रजीतला, त्यावर १,१०० होते. सही केली नाहीस तर परत जा, तिकीट तुझे. घरावर कर्ज असलेला मुलगा काय करणार? त्याने सही केली. आपल्या यंत्रणेच्या नोंदीत आजही तो १,५०० रियालचा कामगार आहे, आणि त्याची आई मला विचारते की पोरगा पैसे उडवतो की काय.

तिसरी तक्रार माझी स्वतःची आहे, म्हणून आटोपती घेतो. दोह्यातली माझी शेवटची कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. तीन महिन्यांचा पगार आणि बारा वर्षांची ग्रॅच्युइटी येणे होते. तिथल्या कायद्याप्रमाणे ती वर्षाला किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी होते. मला मिळाला तो अरबीतला, निळ्या शिक्क्याचा एक कागद. रक्कम मान्य असून लवकरच दिली जाईल असे त्यात लिहिले आहे, असे वाचून दाखवणाऱ्याने सांगितले. गावी आल्यावर एका सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. चौदा महिन्यांनी मोबाईलवर संदेश आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. निकाल काय लागला ते त्यात नव्हते. याउलट कुवेतच्या युद्धात बुडालेल्या नोकरीची भरपाई मला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून उशिरा का होईना मिळाली होती, कारण तेव्हा दाद मागण्याची जागा ठरलेली होती आणि माझा अर्ज माझ्या सरकारने पुढे नेला होता. म्हणजे रणगाड्यांनी बुडवलेले पैसे परत मिळाले आणि एका साध्या दिवाळखोरीत गेलेले मिळाले नाहीत.

सामाजिक सुरक्षेचे करार भारताने जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा यांसारख्या वीसच्या आसपास देशांशी केले आहेत. त्यांत आखाती सहकार्य परिषदेतला एकही देश नाही. ओमानच्या नव्या करारात एवढेच ठरले आहे की तिथली अंशदानावर आधारित सामाजिक सुरक्षा व्यवस्था लागू झाल्यावर या विषयावर पुढे बोलणी करायची. ही ओळ आली याचा मला खरोखर आनंद झाला. त्याच करारात कंपनीच्या शाखांतून बदलीवर येणाऱ्या कर्मचाऱ्यांची मर्यादा २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली आहे, कंत्राटी सेवा देणाऱ्यांचा मुक्काम ९० दिवसांवरून दोन वर्षांवर नेला आहे, आणि लेखापाल, करसल्लागार, वास्तुविशारद, वैद्यकीय व्यावसायिक यांची वाट सोपी केली आहे. चांगलेच झाले; आमच्या तालुक्यातल्या शिकलेल्या मुली नर्स म्हणून जातील. पण गवंडी, फिटर, ड्रायव्हर, घरकाम करणारी बाई यांच्यासाठी वाटाघाटीत अशी आकडेवारी घेऊन कोणी बसले होते का, हे मला विचारायचे आहे.

राहण्याच्या जागेबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ते लिहिताना हात अडखळतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि ४५ भारतीय गेले. त्यांत सर्वाधिक केरळचे होते. मी तीन देशांत तशाच इमारतींत राहिलो आहे. शेगड्या आणि गॅसच्या टाक्या कुठे ठेवलेल्या असतात आणि गच्चीच्या दाराला कुलूप का असते, ते मला ठाऊक आहे.

माल आणि अन्न याबद्दलही एक गोष्ट वाणिज्य मंत्रालयापुढे ठेवतो, कारण भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून किमान निर्यातमूल्य आणि पुन्हा ४० टक्के शुल्क, सप्टेंबरात ते २० टक्के, आणि एप्रिल २०२५ पासून शून्य : हा प्रवास लासलगावच्या शेतकऱ्याने जसा सोसला तसाच दोह्या-दुबईच्या घाऊक व्यापाऱ्यानेही पाहिला. आमच्या दोह्याच्या बाजारात भारतीय कांद्याच्या जागी एकदा दुसऱ्या देशाचा कांदा बसला की तो सहजी उठत नाही. ज्या गटाला आपण अन्नसुरक्षेचे आश्वासन देतो त्याला रातोरात बंदीची सूचना देऊन पुढच्या बैठकीत आमच्या मजुरांच्या पगाराचा शब्द मागणे अवघड जात असेल, असा माझा अंदाज आहे.

आपण म्हणाल की परिषद हा व्यापाराचा गट आहे, २००३ पासून त्यांचा जकातसंघ आहे, म्हणजे बाहेरच्या मालावर सहाही देश एकच जकात लावतात, म्हणून व्यापाराची बोलणी एकत्र होतात, पण कामगार कायदे ज्या-त्या देशाचे आहेत आणि त्यांच्याशी स्वतंत्र सामंजस्य करार झालेले आहेत. हे मला मान्य आहे. पण सुरक्षा आणि आरोग्य हेदेखील ज्या-त्या देशाचेच विषय आहेत, तरी ते २०२४ च्या आराखड्यात एकत्र आले. शिवाय या देशांनी आपापल्या नागरिकांच्या विम्याचे संरक्षण एकमेकांच्या देशांत चालेल अशी व्यवस्था फार पूर्वीच केली आहे. म्हणजे माणसाबरोबर त्याचे हक्क सरहद्दीपलीकडे नेण्याची रीत त्यांना नवी नाही. आणि घाई नको असेही कोणी म्हणू नये. परिषदेशी आपला आर्थिक सहकार्याचा पहिला चौकट करार ऑगस्ट २००४ चा आहे. मुक्त व्यापाराच्या दोन फेऱ्या २००६ आणि २००८ मध्ये झाल्या आणि गाडी थांबली ती थांबलीच. तेवढ्यात सिंगापूरचा त्यांच्याशी करार होऊन २०१३ पासून लागूही झाला. २००४ साली माझा थोरला शाळेत होता. आता त्याची मुलगी शाळेत जाते.

आपल्या हातात देण्यासारखेही पुष्कळ आहे, म्हणून मागायला संकोच नको. या गटाशी आपला व्यापार २०२४-२५ मध्ये सुमारे १७८ अब्ज डॉलरचा झाला, आणि त्यात आपण घेणारे अधिक आहोत. घरी येणाऱ्या पैशाचे म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या रकमेतला सुमारे ३८ टक्के वाटा या सहा देशांचा होता, आणि राज्यांमध्ये २०.५ टक्के वाटा घेऊन महाराष्ट्र पहिला होता. केरळने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र सरकारी खाते काढले. त्या तोडीची यंत्रणा मला माझ्या राज्यात दिसलेली नाही. ते गाऱ्हाणे मुंबईकडे वेगळे मांडेन.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

सहा देशांच्या गटाशी होणाऱ्या करारात कामगारांच्या हक्कांचे आणि प्रवासाचे स्वतंत्र प्रकरण असावे, आणि बोलणी सुरू होतानाच ते विषयपत्रिकेवर घेतल्याचे आपण जाहीर करावे. त्यात नोकरीच्या कराराचा एकच नमुना असावा. तो कामगाराच्या भाषेत, म्हणजे आमच्यासाठी मराठीतही असावा, आणि भारतात सही झालेला करार तिथे उतरल्यावर बदलला तर बदललेला कागद आपोआप रद्द समजला जावा.

युद्ध, आकाशबंदी किंवा सरहद्दीवरचे भांडण उद्भवल्यास, सहांपैकी कोणत्याही एका देशाचे निवासपत्र असलेल्या भारतीयाला उरलेल्या देशांतून भूमार्गाने बाहेर पडण्यासाठी किमान चार दिवसांची परवानगी नाक्यावरच मिळावी, आणि ओमानच्या बंदरांतून जहाजाने परतण्याची योजना आधी लिहून ठेवलेली असावी. पासपोर्ट ताब्यात ठेवणाऱ्या मालकाला नवे भारतीय कामगार मिळू नयेत. यासाठी कुणाच्या संमतीची गरज नाही. भरतीची परवानगी आपणच देतो.

कंपनी बुडाल्यास पगार आणि ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून मालकांच्या वर्गणीतून हमी निधी असावा आणि मायदेशी परतलेल्या माणसाला इथूनच, आपल्या दूतावासामार्फत, दावा चालवता यावा. सामाजिक सुरक्षेची जी एक ओळ ओमानशी मान्य झाली, ती सहाही देशांशी मुदत घालून मान्य व्हावी.

शेवटचे, परदेशी रोजगाराच्या नव्या विधेयकाचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये हरकतींसाठी खुला झाला. १९८३ चा कायदा बदलणार ही चांगली बातमी; पण आमच्या गावात ती पोहोचेपर्यंत नोव्हेंबरातली मुदत उलटून गेली होती. म्हणून गटाशी करारावर सही होण्यापूर्वी रत्नागिरीत किंवा रायगडमध्ये एक जाहीर सुनावणी घ्यावी. तारीख शक्यतो एप्रिल-मे मधली ठेवावी. सुट्टीवर आलेली माणसे तेव्हाच घरी असतात.

आपला नम्र,
एक माजी आखाती कामगार
तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी
जानेवारी २०२६

ता. क. : अरबीतला तो निळ्या शिक्क्याचा कागद मी अजून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने मागितल्यास प्रत पाठवीन.